बारावी जोडी

२६ जून

कायोताई,

हवापाण्याची चौकशी करणाऱ्या पहिल्या दोन ओळी गाळते आहे. चार वर्षांनी पत्र लिहून त्यात यंदा कुठली फुलं बहरली ते सांगत बसले, तर तू कागद खिशात कोंबून सरळ गोठ्यात निघून जाशील.

तू मला भित्री म्हणाली होतीस. पितरांच्या सणाला बाबांच्या स्वयंपाकघरात आपण दोघी सोयाबीनच्या हिरव्या शेंगा निवडत बसलो होतो, तेव्हा. "चिसातो, तू शाळेत शिकवायला जाऊ नकोस. तू भित्री आहेस. तुझ्याच्याने नाही झेपायचं." सहा वर्षं शिकवून, नोकरी सोडून होक्काइदोला गाई सांभाळायला गेलेल्या बहिणीने मला हे सांगावं, याचा मला इतका राग आला की मी बोलणंच टाकलं. आज मी होऊन लिहिते आहे, म्हणजे काय झालं असेल ते तुला कळलंच असेल. हसू नकोस.

काल माझ्या वर्गातली एक मुलगी हरवली. सापडली. ते आधीच सांगते, म्हणजे तू घाबरायला नको.

तिसरीचा वर्ग आहे माझा, सव्वीस मुलं. चौथ्या तासाला शाळेच्या तलावात पोहणं होतं. जोडीची पद्धत तुमच्याकडेही होतीच: पाण्यात उतरताना प्रत्येकाला एक जोडीदार, शिट्टी वाजली की असतील तिथे थांबून दोघांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा आणि जोड्यांनी ओळीने आपापला नंबर ओरडायचा. शेवटचा नंबर ऐकू आला की सगळी वर आहेत असं समजायचं. काल शुन्या तापामुळे घरी होता, म्हणून त्याची जोडीदार मिओरी एकटी पडली. तिला मी युझुहा आणि कानादे यांच्यात घातलं. तिघींची जोडी. तिचा नंबर बारावा.

शिट्टी वाजवली. हात वर गेले. एक, दोन, तीन, थेट बारापर्यंत. मी नीट मोजलं होतं, ताई.

मुलं कपडे बदलायला गेली. माझ्या मदतीला असलेले सुगाया सर पोहायच्या फळ्या गोळा करून कोठीत ठेवायला गेले होते. मी तलावाकाठच्या चपला सरळ करायला वाकले आणि मला कठड्यावर एक टॉवेल दिसला. तो लहान मुलांचा असतो ना, वर इलॅस्टिक लावलेला, अंगाभोवती गुंडाळायचा? त्यावर ससे होते, म्हणजे मिओरीचा. बाकी सगळे टॉवेल आपापल्या मुलांच्या अंगावर निघून गेले होते आणि हा एकच राहिला होता.

मी पाण्याकडे पाहिलं. ऊन इतकं होतं की तळ दिसेना, नुसता उजेड हलत होता. मी शिट्टी फुंकली, फुंकतच राहिले. सुगाया सर धावत आले आणि मी हात केला तिकडे त्यांनी तशीच उडी मारली. एकदा वर आले, परत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा तळ हातांनी चाचपून आले. "कोणी नाही," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पाण्यात नाही, तर मग ती आहे कुठे? शाळेच्या मागे ओढ्याचा बंधारा आहे, पुढे रेल्वेचं फाटक. आणि मुलीच्या अंगावर नुसता पोहण्याचा पोशाख.

उपमुख्याध्यापक तोगाशी सरांनी बाकीच्या शिक्षकांना शोधायला पाठवलं आणि मला वर्गात. "मुलांना कळता कामा नये. जेवण रोजच्यासारखं झालं पाहिजे." मुलांना सांगितलं, मिओरी नर्सबाईंच्या खोलीत आहे. वाढायची पाळी असलेल्या मुलांनी पांढऱ्या टोप्या घातल्या, सूप वाढलं, मासा वाढला. शेवटी गोठवलेली संत्री होती. वाढून झाल्यावर दोन उरली, एक शुन्याचं आणि एक तिचं.

"बाई, उरलीयत! हाताचा खेळ खेळायचा?"

रोजचाच खेळ आहे. उरलेल्या जिनसेसाठी दगड-कात्री-कागद. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. माझ्यासमोर मुलांनी तिच्या संत्र्यासाठी हात नाचवले, ओरडली, रेंजी जिंकला आणि त्याने ते कचाकचा खाल्लं. मी हसत होते. मी पानातलं सगळं संपवलंसुद्धा, कारण बाईंनी टाकलं तर मुलं टाकतात.

जेवणानंतर साफसफाई. मुलांनी वर्गातलंच झाडूचं कपाट उघडलं. आत झाडूंच्या मधोमध मिओरी उभी होती, ओल्या पोशाखात, ओठ निळे पडलेले. जेवणभर ती आमच्यापासून चार हातांवर होती.

नर्सबाईंनी तपासलं, धडधाकट आहे. तिने झाल्या प्रकाराची माफीही मागितली. प्रकरण मिटलं म्हणायचं.

मग माझी लेखणी अशी का चालते आहे ते कळत नाही. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

चिसातो

२९ जून

ताई,

मिओरी शाळेत येत नाही.

पहिल्या दिवशी आईचा फोन, पोट दुखतंय. दुसऱ्या दिवशी फोन, पोटच. आज फोनही नाही. तिचं बाक खिडकीपाशी आहे. सगळ्या वर्गाकडे बघता येतं मला, तेवढं एक बाक सोडून.

गेल्या पत्रात एक वाक्य मी घाईने उरकलं होतं. "तिने माफीही मागितली." ती कशी मागितली ते लिहायचं धैर्य नव्हतं.

घरी जाण्याआधीची बैठक असते ना, मॉनिटर पुढे येऊन विचारतो, "आज कुणाला आपली चूक सांगायची आहे?" कुणी म्हणतं मी पळत जिना उतरलो, कुणी म्हणतं मी दूध सांडलं, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "चालेल!" त्या दिवशी तोगाशी सर दारात येऊन उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "मुलांना नियम कळू दे." मी मिओरीकडे पाहिलं. ताई, मी काही बोलले नाही, नुसतं पाहिलं. ती उठली. केस अजून ओले होते. म्हणाली, "मी न विचारता पाण्याबाहेर गेले आणि सगळ्यांना त्रास दिला. माफ करा." वर्ग म्हणाला, "चालेल!" ती बसली.

मी मूग गिळून उभी होते. तेव्हा वाटलं, चला, निभावलं.

अहवालात तेच लिहिलं आहे: विद्यार्थिनी परवानगीशिवाय बाहेर गेली, शिक्षिकेने मोजणी केली होती. तोगाशी सर वाईट नाहीत गं. तलावाच्या काळजीने पंधरा वर्षं त्यांनी एकही उन्हाळा सुखाने झोपून काढलेला नाही, डोळ्यांखाली पिशव्या आल्या आहेत. ते मला म्हणाले, "इनागाकी बाई, तुमची नेमणूक वर्षावर्षाची. पुढच्या मार्चला कागद माझ्याच टेबलावरून जाणार. कुणी विचारलं तर फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं. भित्रीच ना मी.

रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहून मुलांना नमस्कार करते आणि लांबून शाळेची पिवळी टोपी दिसली की धाबं दणाणतं. ती आली तर तिच्या तोंडाकडे कशी बघू? आणि नाही आली तर?

चि.

५ जुलै

ताई,

तुझं कार्ड आलं. पुढे गाय, मागे एक ओळ. तुझी काटकसर अजून तशीच आहे. "दोघींनी हात वर केला, तिघींनी का नाही? त्या पोरींना विचार."

तुझ्या त्या एका ओळीने माझी झोप उडाली. कारण मला ते विचारायचंच नव्हतं. उत्तर मला माहीत असावं अशी धास्ती होती.

तरी विचारलं. काल सफाईच्या वेळी युझुहा आणि कानादे जिन्याची फरशी पुसत होत्या. मी पण फडकं घेऊन त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. उभं राहून विचारलं असतं तर दोघींची बोबडी वळली असती.

"त्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा मिओरी कुठे होती गं?"

युझुहा फडकं पिळत म्हणाली, "आमच्या मागे."

"मग तिचा हात?"

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, ज्या जोडीचा हात पहिला वर जाईल तिला पुढच्या तासाला फळी निवडायचा पहिला मान. आम्हाला निळी हवी होती. तिघींचा हात पटकन होत नाही. तिसरा शोधावा लागतो."

"म्हणून तिला सोडलंत?"

"सोडलं नाही," कानादे म्हणाली. तिला खोटं आवडत नाही, फार काटेकोर पोरगी आहे. "धरलाच नाही."

ती निळी फळी माझी युक्ती. मुलं जोडी लावायला रेंगाळत होती, म्हणून मी जूनच्या सुरुवातीला शर्यत लावली होती आणि माझं मलाच कौतुक वाटलं होतं. आणि मोजलं म्हणून तुला लिहिलं ना? मी हात पाहिलेच नव्हते. घड्याळ पाहत होते. बारा हा आकडा कानांनी ऐकला आणि मान हलवली. तिघींमधली एक गेली तर उरलेल्या दोघी अगदी नेहमीच्या जोडीसारख्या दिसतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. ती खरंच तळाशी असती तरी नंबर बारापर्यंतच आला असता, आणि मी "छान!" म्हटलं असतं. हे आता दिवसभर डोक्यात घोळतं. फळ्यावर भागाकार लिहिताना हात थांबतो.

शाळा सुटल्यावर मिओरीच्या घरी गेले. तिची आई डबे करून विकणाऱ्या दुकानात पहाटेपासून असते, घरी एकटीच कमावती. दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"बाई, ती बाथटबमध्ये बसते. कोरड्या. वर टबाचं झाकण ओढून घेते. मी कामावरून आले की आधी झाकण उचलते."

मी काहीबाही बोलले, हळूहळू होईल ठीक, सगळी मुलं वाट बघताहेत, असलं.

"माझ्या पोरीने माफी मागितली," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "सगळ्यांनी चालेल म्हटलं. मग आता अजून काय करायचं राहिलंय तिचं? ती मला विचारते, शिट्टी झाली आणि कुणी हात धरला नाही, म्हणजे मी नाहीच ना त्यात? मी काय सांगू तिला?"

मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर जवळजवळ पळाले. तुझ्या शब्दाला जागले.

चिसातो

१२ जुलै

ताई,

आज जे केलं ते लिहिताना दात वाजताहेत, आणि बाहेर तर उकाड्याने जीव नकोसा झालाय.

बैठकीत आज रेंजी मॉनिटर होता. "आज कुणाला आपली चूक सांगायची आहे?"

मी हात वर केला.

आधी हसले सगळे. "बाईंनी हात वर केलाय!" रेंजी गोंधळला, पण नियम म्हणजे नियम. "बोला, इनागाकी बाई."

मी खुर्च्यांच्या मधे येऊन उभी राहिले, मुलं उभी राहतात तशी, हात मांड्यांना चिकटवून. आणि सांगितलं. पोहण्याच्या दिवशी मी हात पाहिले नाहीत, नुसता आकडा ऐकला. लवकर हात वर करण्याची शर्यत मी लावली, आणि त्या शर्यतीत मिओरीचा हात राहून गेला. ती बाहेर गेली ते मला कळलं नाही. तिने माफी मागायचं काहीच कारण नव्हतं, आणि ती मागत असताना मी गप्प बसले, कारण मला भीती वाटत होती. माफ करा.

आता वर्गाने "चालेल!" म्हणायचं. मी खाली मान घालून थांबले. कुणी म्हणेना. मला वाटलं, संपलं, ही मुलं आता माझं कधीच ऐकणार नाहीत.

शेवटी कानादे म्हणाली, "बाई, आम्ही कसं म्हणणार? ते मिओरीने म्हणायला हवं. ती तर नाहीये."

"मग आपण त्या दिवशी कसं म्हटलं?" कुणीतरी मागून विचारलं.

युझुहा रडायला लागली. रेंजी एकदम म्हणाला, "मी तिचं संत्रं खाल्लं," आणि त्याचाही चेहरा रडवेला झाला.

पाच वाजेपर्यंत तोगाशी सरांना कळलं होतं. मुलं घरी जाऊन बोलणारच. "काय करून बसलात हे?" ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. पुढच्या शुक्रवारी पालकसभा. मार्चच्या कागदाचं काय होईल ते मी विचारलं नाही.

तिथून मी मिओरीकडे गेले. या वेळी आईने आत घेतलं. बाथरूममध्ये झाकण लावलेलं होतं. मी फरशीवर बसले आणि झाकणाशी बोलले, वर्गात बोलले तेच. नियम मोडला होता तो मी, तू नाही. मग आतून आवाज आला, "शुन्याचा ताप गेला?"

"गेला. रोज विचारतो तुझ्याबद्दल."

एवढंच. "चालेल" ती म्हणाली नाही, आणि मी वाट पाहते आहे असं तिला वाटू नये म्हणून मी उठले.

ताई, मला अजूनही भीती वाटते आहे. सभेची, सरांची, सगळ्यात जास्त त्या झाकणाची. पण आज कोपऱ्यावरून पळाले नाही. तेवढं तुला कळवावंसं वाटलं.

चिसातो

१९ जुलै

ताई,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. परत गाय, पण या वेळी दोन ओळी, म्हणजे तुझ्या मानाने उधळपट्टीच. "भित्री आहेस तेच बरं. दोनदा मोजशील." मी ते वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. चार वर्षांपूर्वीच हे का नाही म्हणालीस गं? शेंगा तेव्हाही निवडून झाल्याच असत्या.

मिओरी मंगळवारी शाळेत आली. शुन्या सकाळी शाळेला येणाऱ्या मुलांच्या रांगेत तिच्या घरावरून आला होता आणि तिच्या दप्तराचा पट्टा धरून चालत होता, कुत्रं आणावं तसा. ती कुणाशी फार बोलली नाही. रेंजीने तिच्या बाकावर एक संत्रं ठेवलं, घरून आणलेलं, न गोठवलेलं. तिने ते सोलून अर्धं त्यालाच दिलं.

काल सत्रातलं शेवटचं पोहणं होतं. तोगाशी सर तलाव बंदच ठेवणार होते. मग म्हणाले, "मी स्वतः काठावर उभा राहतो," आणि उन्हात गळ्याला टॉवेल गुंडाळून उभे राहिले. शर्यत नाही, निळी फळी नाही. नंबर ओरडायचे नाहीत. प्रत्येक डोकं मी बोट दाखवून मोजणार.

मिओरी पाण्यात उतरली नाही. कवायतीच्या कपड्यांत तलावाकाठच्या मांडवाखाली बाकावर बसली, सशांचा टॉवेल मांडीवर घेऊन. मी तिला आग्रह केला नाही. शुन्याला दुसऱ्या एका जोडीत तिसरा घातला आणि त्या तिघांपाशी मी दोनदा जाऊन आले.

मधेच शिट्टी वाजवली. हात वर गेले. शिट्टीने माझंच काळीज लककन हललं, आता ते बहुधा कायमच हलणार. मी बोट दाखवत गेले, एकेका टोपीवर, एकेका ओल्या तोंडावर. तिघांचे तीनही हात होते. पंचवीस. पाण्यात उतरली तेवढीच. तोगाशी सरांनीही मान हलवली. मी श्वास सोडला आणि पुन्हा सुरू करायला शिट्टी तोंडात धरली.

"बाई."

मांडवाखालून. तिचा आवाज मला वर्गात बसूनसुद्धा कधी एवढा मोठा ऐकू आला नव्हता. ती उभी राहिली होती.

"मला मोजलं नाहीत."

पाण्यातली सगळी तोंडं तिकडे वळली. हात अजून वरच होते, काहींचे थरथरायला लागले होते, पण एकानेही खाली घेतला नाही.

मी शिट्टी तोंडातून काढली. परत पहिल्या टोकाला गेले आणि एकपासून मोजायला लागले, या वेळी मोठ्याने. पंचवीस झाल्यावर बोट मांडवाकडे केलं. मिओरीने टॉवेल बाकावर ठेवला, एकटीचाच हात सरळ वर केला आणि माझ्या आधी स्वतःच ओरडली, "सव्वीस!"

उद्या पालकसभा आहे. झाल्यावर कळवते. काही वाईट झालंच, तर तुझ्याकडे येईन. गाईही मोजाव्या लागतच असतील.

तुझी
चिसातो